एम.एफ.ए.ला शिकवणाऱ्या चित्रकारानं आपलं अर्धवट काम कुठे ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी ३६ वर्षांचा, तैलरंगात काम करणारा चित्रकार, कोल्हापूरला राहतो. दोन एकल प्रदर्शनं झाली. चित्रं विकली जातात, पण त्यावर घर चालत नाही. बाहेरगावच्या एका कला महाविद्यालयानं एम.एफ.ए.ला, म्हणजे चित्रकलेच्या पदव्युत्तर वर्गाला, शिकवाल का, असं विचारलंय. दोन भीती आहेत. एक, माझं स्वतःचं काम बंद पडेल. दुसरी, ज्याची बी.एफ.ए.ची, म्हणजे पदवीची, चार वर्षं झाली आहेत, ज्याला ब्रश धरता येतो, त्याला मी आणखी शिकवणार काय?"

दुसरी भीती आधी घेते. ती सुटली की पहिलीचं रूपच बदलतं, असा माझा अनुभव आहे. मी मुद्राचित्रण करते, म्हणजे प्लेटवरून किंवा लाकडावरून कागदावर चित्र छापते: मुख्यतः धातूची प्लेट अ‍ॅसिडनं कोरून केलेलं एचिंग आणि अ‍ॅक्वाटिंट, अधूनमधून लाकूड कोरून केलेला वुडकट. पदव्युत्तर विभागात २३ वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे, त्यामुळे कोणाचं मन राखण्याची फारशी गरज उरलेली नाही. तरी ज्या संस्थेत होते तिचं नाव घेणार नाही.

आपल्याकडे, आणि कोल्हापुरात तर विशेषच, चित्रकार-शिक्षक म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते प्रात्यक्षिक. मॉडेल खुर्चीत बसलेलं, सर इझलसमोर उभे, मागे पन्नास-साठ मुलं, त्यातली चार बाकावर चढलेली. दोन तासांत कोऱ्या कॅनव्हासमधून ओळखीचा माणूस बाहेर येतो. नाकाच्या शेंड्यावर शेवटचा हायलाइट पडला की टाळ्या. मला हे अजून आवडतं. कुठे व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक आहे असं कळलं की मी जाऊन मागे उभी राहते. बी.एफ.ए.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला याच्यासारखं शिक्षण नाही. छायेतला रंग किती पातळ ठेवायचा, कुठे हात आवरायचा, हे सांगून कळत नाही, बघूनच कळतं.

पण प्रात्यक्षिकात सर कधी अडकलेले दिसत नाहीत. जे गणित हाताला पाठ आहे तेच ते लोकांसमोर सोडवतात, आणि त्यात गैर काही नाही. एम.एफ.ए.ला आलेलं पोर मात्र नेमकं अडकलेलं असतं. हात तयार असतो, काढायचं काय हे कळेनासं झालेलं असतं. खाली चार वर्षं विषय कोणीतरी देत होतं: 'बाजार', 'पावसाळा', 'कोळीवाडा'. इथे पहिल्या आठवड्यात स्टुडिओतला एक कोपरा मिळतो, कपाटाची किल्ली मिळते, आणि समोर चार सेमिस्टर पसरलेली असतात. गणपती येऊन जातात तरी भिंत पांढरीच. मग चहाच्या टपरीवर मुक्काम वाढतो. या मुलाला बघायचं असतं ते एवढंच, की आपल्यापेक्षा वीस वर्षं जास्त काम केलेला माणूसही असा अडकतो का, आणि अडकला की करतो काय. ते त्याला दाखवायला स्वतःचं काम चालू असलेला माणूसच लागतो. तुमची प्रदर्शनं, कॅटलॉग, बक्षिसं बघून तो पहिल्या दिवशी दबेल, दुसऱ्या महिन्यात विसरेल.

हे मला कळलं ते माझ्या एका फजितीतून. मे महिना होता. एक १५ बाय २० इंचांची जस्ताची प्लेट मी विभागातच करत होते, कारण घरी तेवढा मोठा ट्रे नव्हता. अ‍ॅक्वाटिंट म्हणजे प्लेटवर राळेची बारीक पूड बसवायची, खालून आंच देऊन ती वितळवायची, म्हणजे दाणा धातूला चिकटतो. मग अ‍ॅसिड दाण्यांच्या मधल्या जागेतून प्लेट खातं आणि छापल्यावर तिथे करडी छटा येते. जितका वेळ जास्त, तितकी छटा गडद. जुन्या, वापरलेल्या नायट्रिकमध्ये माझा अंदाज पक्का होता. त्या सकाळी ट्रेमधलं अ‍ॅसिड नवं भरलेलं होतं आणि मी ते विचारलं नाही. वर उकाडा, गरमीत अ‍ॅसिड आणखी जोरात चावतं. प्लेट खाली गेली आणि पिसानं बुडबुडे बाजूला सारायच्या आत ट्रे उकळल्यासारखा फसफसला. बाहेर काढून धुतली तर आभाळाच्या जागी दाणा उडून गेलेला, नुसता खरवडलेला खड्डा.

आजूबाजूला पाच जण उभे होते. परभणीकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आता?" मी खरं तेच सांगितलं, की आता काय ते मलाही ठाऊक नाही. प्लेट फेकली नाही. दुसऱ्या दिवशी धातू खरवडायचा स्क्रेपर घेतला, मग घासून गुळगुळीत करायचा बर्निशर, थोडं तेल, आणि त्या काळ्या खड्ड्यातून उजेड परत घासून काढायला बसले. अडीच आठवडे लागले. रोज संध्याकाळी एक प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढून भिंतीवर लावायची. पहिली चार प्रूफं भयंकर होती. आभाळ काही परत आलं नाही, त्या जागी भिंतीच्या पोपड्यांसारखं काहीतरी आलं आणि मला चित्राचा विषयच थोडा हलवावा लागला. ती मुलगी तोवर बिघडलेली प्लेट कोपऱ्यात टाकून नवी मागत असे. जूनमध्ये तिनं आपल्या जुन्या तीन प्लेटा भंगाराच्या खोक्यातून शोधून काढल्या. गावच्या जिनिंगवर तिनं पुढे केलेलं काम त्यातल्या एका प्लेटवरून सुरू झालं. त्या वर्षी मी घेतलेल्या स्लाइड-व्याख्यानांपैकी एकही तिला आठवत असेल असं मला वाटत नाही.

ही काही माझी शोधलेली युक्ती नव्हे. आपल्या देशात चित्रकारांनी चित्रकार घडवण्याची जी परंपरा शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्यापासून रुजली, तिचा पायाच हा. १९३८ मध्ये शिल्पकार रामकिंकर बैज सिमेंट आणि खडी यांचं मिश्रण थापून 'संथाल कुटुंब' करत होते ते कुठल्या बंद स्टुडिओत नाही, येण्याजाण्याच्या आवारात, उघड्यावर. आणि १९४६-४७ मध्ये चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांनी तिथल्याच हिंदी भवनाच्या तीन भिंतींच्या वरच्या भागावर मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र केलं, ते तर या विषयावरचं सगळ्यात मोठं पाठ्यपुस्तक म्हणावं. पद्धत ओल्या गिलाव्याची. आज जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा आज करायचा, कारण वाळला की संपलं. अशा कामात लोक पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा आधी कागदावर करून घेतात. विनोदबिहारींनी तो केला नाही. त्यांचा एक डोळा जन्मापासून निकामी, दुसऱ्याला जाड भिंगाचा चष्मा. पराचीवर चढलेल्या या माणसाला सगळी भिंत एका नजरेत दिसणंच शक्य नव्हतं. कबीर, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंग आणि त्यांच्याभोवतीची माणसं नदीसारखी पुढे सरकत जातात ती अशी, एकेका दिवसाच्या ओल्या तुकड्यानं. हाताखाली विद्यार्थी होते. त्यांच्यातले एक के. जी. सुब्रमण्यन.

आता हे सुब्रमण्यन १९५१ मध्ये बडोद्याला शिकवायला येतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा नुकतीच, १९५० मध्ये, सुरू झालेली. चित्रकला विभाग ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे, शिल्पकला शंखो चौधुरी यांच्याकडे. तिथली गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते ती बेंद्र्यांची. इंदूरच्या मराठी घरातला हा माणूस तेव्हा चाळिशीत होता, निसर्गचित्रांसाठी नावाजलेला, हाताला यश होतं. तेच करत राहिले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण पन्नासच्या दशकात त्यांनी स्वतःच्या चित्रांत घनवादाचे, अमूर्ताचे प्रयोग आरंभले, आणि ते मुलांच्या डोळ्यांदेखत. १९५६ मध्ये 'बडोदा ग्रुप' झाला, त्यात शिक्षक आणि विद्यार्थी दोघंही. गुरूनं आपलं चित्र शिष्याच्या चित्राशेजारी टांगायचं, आणि बघणाऱ्यानं मनातल्या मनात तुलना करायची. आज हे कितीजण करतील? मी एकदाच केलं, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी एका मुलाच्या वुडकटशेजारी माझं काम फिकं पडलेलं मला स्वच्छ दिसलं. घरी जाताना रिक्षात गप्प होते.

बेंद्र्यांनी १९६६ मध्ये बडोदा सोडलं आणि पुढे मुंबईत १९९२ पर्यंत, शेवटापर्यंत, चित्रं काढली. म्हणजे शिकवण्याची सोळा वर्षं आणि नंतरची सव्वीस वर्षं. तुमच्या पहिल्या भीतीचं उत्तर इथेही थोडं मिळतं: नोकरी घेतली म्हणजे जन्माची गाठ बांधली असं नाही.

आता दुसरी बाजू, कारण स्वतः काम करणारा शिक्षक मुलांचं नुकसानही बरंच करतो. मी केलं आहे.

शिकवायला लागून सहा-सात वर्षं झाली होती. वर्षअखेरचा डिस्प्ले लागला. बाहेरून आलेले परीक्षक हात मागे बांधून सगळ्या भिंती फिरले, दोनदा फिरले, आणि म्हणाले, "ही सगळी एकाच घरातली भावंडं का हो?" मी हसले. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन एकटीच बघत बसले. विषय वेगळे, आकार वेगळे. कोणाचं खाणकाम, कोणाची आई, कोणाचं नुसतं पोत. पण करडा एकच. माझा करडा. शाई मी स्वतः मळत असे: काळ्यात थोडा बर्न्ट अंबर, नखभर प्रशियन ब्लू, म्हणजे काळा मेल्यासारखा दिसत नाही. तो डबा विभागाच्या फळीवर असायचा, आणि मळायचा कंटाळा म्हणून सगळे त्याच डब्यातून घ्यायचे. डबा मी त्याच दिवशी घरी नेला. पुढच्या वर्षी प्रत्येकानं आपला काळा आपण मळायचा, आणि त्याच्या पट्ट्या काढून तारखेसकट भिंतीवर लावायच्या, असं ठरवलं. दहा जणांचे दहा काळे शेजारी शेजारी लावले की मुलं स्वतःच चकित होतात.

डबा हे सोपं कारण होतं. खरं कारण मला आणखी वर्षभरानं सापडलं. मी वर्गात फिरताना कोणाच्या टेबलाशी किती वेळ उभी राहते, हे एकदा मुद्दाम बघितलं. ज्याचं काम माझ्या कामाच्या नात्यातलं, तिथे पंधरा मिनिटं. ज्याचं अनोळखी, तिथे "छान, चालू दे." मुलं भाषणं ऐकत नाहीत, पण मॅडम कुठे थांबतात हे त्यांना बरोबर कळतं. तेव्हापासून जे काम मला आवडत नसे तिथे आधी जायचे आणि खुर्ची ओढून बसायचे. हे सोपं नव्हतं. एका मुलाचे चकचकीत, पोस्टरछाप, बाबागाडीच्या रंगांचे सेरीग्राफ (जाळीच्या पडद्यातून रंग दाबून काढलेले छाप) मला शेवटपर्यंत आवडले नाहीत. पण त्याच्या रंगाच्या थरांचं रजिस्ट्रेशन, म्हणजे एकावर एक नेमकं बसणं, केसाएवढंही हलत नव्हतं, आणि त्यानं तो चकचकीतपणा का धरलाय हे त्याला सांगता येत होतं. गुण चांगले दिले. आवड माझी, काम त्याचं.

आणि विद्यार्थ्याच्या कामाला हात लावू नका. खाली बी.एफ.ए.ला सर येऊन ब्रश घेतात, दोन फटकारे मारतात, चित्र उभं राहतं, मुलगा खूश. आपण सगळे त्यातूनच शिकलो. एम.एफ.ए.ला मी एकदा असंच एका मुलाच्या प्लेटवर सुईनं एक रेघ ओढली. एकच, आणि खरोखर चांगली होती. त्यानं त्या प्लेटची आवृत्ती, म्हणजे ठरावीक संख्येचे छाप, काढली, आणि सही करायच्या वेळी माझ्याकडे येऊन खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, या प्लेटवर सही करताना हात अडखळतो." त्यानंतर दाखवायचंच असेल तर मी टाकाऊ प्रूफाच्या पाठीवर दाखवायचे, आणि तो कागद त्या मुलासमोर फाडायचे. तुम्ही तैलरंगात काम करता, तुम्हाला हा मोह माझ्यापेक्षा जास्त होईल, कारण तैलरंग पुसता येतो आणि म्हणून हात लावल्याचं पाप वाटत नाही.

हिंदी भवनाच्या पराचीचं उदाहरण देऊन काहीजण आजही आपल्या घेतलेल्या कामांवर एम.एफ.ए.ची मुलं राबवतात. हॉटेलच्या भिंतीचं म्युरल, कोणाचा पुतळा, मेट्रो स्टेशनची सजावट. मुलांना 'अनुभव' मिळतो आणि सरांना चेक. जिथे गाईडच्या हातात गुण आहेत तिथे मुलगा नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे ही वेठ आहे, तिला दुसरं नाव नको. मदतनीस लागला तर ज्याचे तुम्ही गाईड नाही त्याला विचारा, रोजचे पैसे ठरवा, आणि काम उभं राहील तिथे त्याचं नाव लिहा.

'चित्रकार असेल तोच चांगला शिक्षक' हे मी वर जवळजवळ म्हटलं, ते जरा मागे घेते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शंकर पळशीकर १९४७ पासून शिकवत होते, १९६८ ते १९७५ अधिष्ठाता होते. चित्रकार म्हणून ते लहान नव्हते. पण त्यांचं नाव निघतं ते बहुतेक वेळा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून, गुरू म्हणून. त्या विद्यार्थ्यांतले प्रभाकर कोलते पुढे १९७२ ते १९९४ तिथेच शिकवत राहिले आणि स्वतःचं अमूर्त चित्रही त्यांनी सोडलं नाही. एकाच इमारतीत, गुरू-शिष्याच्या दोन पिढ्या, आणि शिकवणं व चित्र यांचं वजन दोघांच्या आयुष्यात वेगवेगळं पडलेलं. माझ्याच विभागात एक सहकारी होते, त्यांनी शेवटची पंधरा वर्षं एकही चित्र बाहेर दाखवलं नाही. पण ते रोज सकाळी स्टेशनवर उभं राहून वहीत माणसं काढायचे आणि ती वही वर्गाच्या टेबलावर उघडी टाकायचे. मुलं त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त जायची. मला थोडी असूयाही वाटायची, ते असो. प्रदर्शन म्हणजे काम नव्हे. वही चालू असली की पुरे.

आता तुमची पहिली भीती. थेट सांगते: पहिलं वर्ष तुमचं काम जवळजवळ बंद पडेल. माझ्या पहिल्या वर्षात तळहाताएवढ्या तीन प्लेटा झाल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चित्रांवर विचार केल्यावर संध्याकाळी आपलं चित्र समोर आलं की तेही कोणाचं तरी वाटतं, आणि त्यालाही आपण शहाणे सल्ले देऊ लागतो. हे दुसऱ्या वर्षी कमी होतं, बंद होत नाही. त्यावर एकच उपाय मला लागू पडला: सकाळी आधी आपलं. साडेसहा ते साडेआठ, वर्गात पाऊल टाकायच्या आत. दोन तास कमी वाटतात, पण वर्षाच्या शेवटी मोजून बघा.

कामाची जातही बदलावी लागते. सलग आठ तास ओल्यात ओलं रंगवायचं, मोठा कॅनव्हास एका दमात उतरवायचा, अशी तुमची सवय असेल तर ती नोकरीत टिकणार नाही. जे काम थर वाळण्याची वाट बघतं, जे उचलून ठेवता येतं, ते टिकतं. नसरीन मोहम्मदी यांचं उदाहरण मला यासाठी जवळचं वाटतं. १९७२ पासून १९९० पर्यंत, म्हणजे शेवटापर्यंत, त्या बडोद्याला शिकवत होत्या. त्यांची ओळख ज्या कामामुळे आहे ते काम आहे कागदावर, शाई आणि पेन्सिलीनं, ड्राफ्टिंगच्या अवजारांनी ओढलेल्या रेघांचं. रंग जवळजवळ नाही, बहुतेकांना शीर्षक नाही, तारीखही नाही. शेवटच्या वर्षांत आजारामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नव्हता, तरी कागदावरची रेघ ताठ. अलिबागजवळ किहीमला त्या गेल्या. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, तोवर त्यांना जाऊन पंचवीस वर्षं उलटली होती. हयातीत त्यांनी फार कमी दाखवलं. एका टेबलावर मावेल एवढं काम नोकरीमुळे निवडलं असं मी म्हणणार नाही, ती त्यांची दृष्टी होती. पण एका टेबलावर मावणारं काम किती मोठं असू शकतं, हे मी नोकरीत असताना त्यांच्याकडे बघून स्वतःला सांगत आले.

नोकरीचं व्यवहाराचं बघा. तुम्हाला 'विचारलंय' म्हणजे नेमकं काय, हे आधी कागदावर घ्या. तासिका तत्त्वावर असेल तर सुट्टीत पैसे नाहीत, आणि तासांचं बिल कधी निघेल ते लिपिकाच्या टेबलावर अवलंबून. नियमित पद असेल तर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० पासून सुरू होतं, आणि तिथे घराचा प्रश्न सुटतो. सरकारी कला महाविद्यालयातली पदं लोकसेवा आयोगातून जातात. पात्रतेचं लोक उगाच घाबरवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दृश्यकलेसाठी दोन दारं आहेत. एक नेहमीचं, पदव्युत्तर पदवी आणि नेटचं. दुसरं व्यावसायिक कलावंतासाठी, ज्यात पदविका आणि पाच वर्षं सातत्यानं केलेली प्रदर्शनं, कार्यशाळा यांचा पुरावा बघतात. हे दुसरं दार कागदावर आहे, पण निवड समितीत कोणीतरी ते उघडून धरावं लागतं. म्हणून कॅटलॉग, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं आजपासून एका फाइलीत लावा. चित्रकाराचा हा आळस नडतो. मी स्वतः पहिल्या मुलाखतीला निमंत्रणपत्रिका मागायला मैत्रिणींच्या घरोघर फिरले होते.

वेळापत्रक ठरताना संकोच करू नका. रोज दोन तासांपेक्षा आठवड्यातले तीन पूर्ण दिवस मागा. एम.एफ.ए.ला पन्नास मिनिटांच्या तासाला काही अर्थ नसतो. मूल बोलायला लागतं तेच चाळिसाव्या मिनिटाला. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइली, प्रवेश समिती, वार्षिक अंक ही कामं येणारच, ती सगळ्यांना येतात. एक आपणहून घ्या, म्हणजे बाकीची टाळता येतात. मी ग्रंथालय समिती घेतली होती. तिथे बैठका कमी आणि पुस्तकं आधी हातात.

बडोद्याची अजून एक गोष्ट जमली तर उचला. तिथे १९६१ पासून कला मेळा सुरू झाला, शिक्षक आणि मुलं मिळून खेळणी, कपडे, मातीच्या वस्तू करून विकायची. सुब्रमण्यन यांच्या खेळण्यांना त्या मेळ्यात जागा होती. त्याच माणसानं १९६३ मध्ये लखनौच्या रवींद्रालयाच्या भिंतीवर टेराकोटाचं प्रचंड म्युरल केलं. म्हणजे एका हातात खेळणं, दुसऱ्या हातात भिंत. तुमच्या विभागात दिवाळीआधी आठवडाभर सगळ्यांनी मिळून आकाशकंदील केले तरी चालेल. जिथे गुण नाहीत, तिथे तुमची आणि मुलांची खरी गाठ पडते, आणि त्या आठवड्यात कोण कसं काम करतं हे वर्षभराच्या रिव्ह्यूपेक्षा जास्त दिसतं.

स्टुडिओ कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणार. विभागात खोली देतो म्हणाले तर घ्या, पण सगळं बस्तान तिथे हलवू नका. मी हलवलं आणि तीन वर्षांनी प्रशासनानं ती खोली परीक्षा विभागाला दिली. माझा प्रेस दोन पावसाळे कॉरिडॉरमध्ये ताडपत्रीखाली होता. खरा स्टुडिओ कोल्हापूरलाच ठेवा. विभागात एक भिंत मागा, कुलूप नसलेली, मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. तिच्यावर पूर्ण झालेलं, फ्रेम केलेलं, विकायला निघालेलं काम लावू नका. तुमच्या घरी भिंतीकडे तोंड करून ठेवलेला एखादा कॅनव्हास असेलच, वर्षभर न सुटलेला. रुजू व्हायला जाल तेव्हा तो न्या. गुंडाळून नको, ताणलेलाच; आणि एसटीच्या टपावर टाकू नका, टेम्पोचे पैसे जातील ते जाऊ द्यात.